आठ हजारांची गाडी

जुनी, बंद पडलेली मोटारसायकल विकत घ्यावी, तिचा खिळा अन् खिळा सुटा करावा आणि सारे पुन्हा जोडून ती रस्त्यावर आणावी, हा छंद आपल्या व्यापारी घरांना तसा परकाच. आपल्याकडे दुचाकी घेतली जाते ती वसुलीसाठी, माल पोहोचवण्यासाठी किंवा मुलांना क्लासला सोडण्यासाठी. जो नग आणल्या दिवसापासून खर्चच मागत राहील आणि जो विकायचा नाही हे घेतानाच ठरलेले आहे, त्याची खतावणी कोणत्या खात्यावर करावी, हा प्रश्न मलाही पडला होता.

थेरगावात डांगे चौकाजवळ आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपून आम्ही फराळाला बसलो असता चिरंजीवांनी विषय काढला. तो चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहे. दिवसभर संगणकाच्या पडद्यावर वाहनाचे भाग फिरवून पाहतो. परंतु पाना हाती घेऊन गंजलेला नट सोडवण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता. "पप्पा, आपण दोघे मिळून एक जुनी आरएक्स 100 उभी करू या," तो म्हणाला. त्याच्या आईने लाडूचे ताट पुढे सरकवीत विचारले, "दारात तीन दुचाक्या असताना चौथी, आणि तीही बंद? परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले आहे ना आपण?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. तरीही मी होकार दिला, आणि त्यामागे एक जुनी गोष्ट होती.

मी महाविद्यालयात असताना, म्हणजे 1991 च्या सुमारास, यामाहा आरएक्स 100 ही गाडी तरुणांच्या मनात घर करून होती. आमच्या बाबूजींनी नगर जिल्ह्यातून इकडे येऊन दुकान टाकले त्याला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. त्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकले आणि पंधरा दिवसांनी दारात बजाज एम-80 आणून उभी केली. पुढच्या मोकळ्या जागेत खिळ्यांची पेटी ठेवता येत असे, मागे रंगाचे दोन डबे बांधता येत. त्या गाडीने आमचा संसार ओढला, तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण आरएक्सचा तो विशिष्ट आवाज रस्त्यावरून गेला की हातातले माप क्षणभर थांबत असे, हेही खरे.

आजच्या तरुण वाचकांना त्या गाडीचे एवढे काय, असे वाटेल. त्याकरिता काळ पाहावा लागेल. एकेकाळी आपल्या देशात दुचाकी ही दुकानात जाऊन विकत घेण्याची वस्तू नव्हती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याची वस्तू होती. येथून हाकेच्या अंतरावर, आकुर्डीत, बजाजच्या स्कूटरी तयार होत, आणि आकुर्डीच्या शेजारी राहणाऱ्यालाही त्या रांगेतून सुटका नव्हती. मोटारसायकल म्हणजे म्हैसूरची जावा आणि पुढे येझदी, फरिदाबादची राजदूत किंवा मद्रासची एनफिल्ड. साध्या माणसाच्या दाराशी इंजिनाची गाडी आणण्याचे मोठे श्रेय आपल्याच समाजातील फिरोदिया कुटुंबाकडे जाते. त्यांच्या कायनेटिक कंपनीची 50 सीसीची लूना 1972 मध्ये आली, आणि कितीतरी किरकोळ दुकानदारांची पहिली गाडी तीच ठरली.

1980 नंतर जपानी कंपन्यांना भारतीय भागीदारांबरोबर येण्याची मुभा मिळाली आणि तीनचार वर्षांत चित्र पालटले. इंड-सुझुकी आली, 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, त्याच वर्षाच्या अखेरीस एस्कॉर्ट्सने यामाहाच्या साहाय्याने आरएक्स 100 आणली, पाठोपाठ कावासाकी बजाजची केबी 100. चौघींचे इंजिन 100 सीसीच्या आसपासचे. परंतु स्वभाव निराळे. हिरो होंडा पेट्रोल वाचवणारी, संसारी. आरएक्सचे इंजिन 98 सीसीचे, टू-स्ट्रोक, सुमारे 11 अश्वशक्तीचे आणि गाडी वजनाला हलकी. त्यामुळे मूठ पिळताच ती जी झेप घेई, तिची बरोबरी त्या वर्गात दुसऱ्या कोणाला साधली नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते, धूर होतो. 1996 मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि ही गाडी बंद झाली. ज्याचे उत्पादन थांबले आणि मागणी थांबली नाही, त्या मालाचे पुढे काय होते, हे आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. आज चांगल्या स्थितीतील आरएक्सला लाखाच्या पुढे भाव मागितला जातो.

आम्ही शोधास लागलो. दर रविवारी सकाळी चहा घेऊन बापलेक निघत असू.

पहिली गाडी काळेवाडीत पाहिली. लखलखीत काळा रंग, टाकीवर नवे पट्टे, क्रोमचा सायलेन्सर. मागणी 85 हजार. माझे मन विरघळले होते. चिरंजीव मात्र गुडघ्यावर बसून हँडलखालच्या नळीवरचा चासी क्रमांक बॅटरीच्या उजेडात पाहू लागला. आकडे एका ओळीत नव्हते, भोवतालचा पत्रा घासून सपाट केलेला दिसत होता. गाडीमालकाने अनेक कारणे सांगितली. आम्ही पाणी प्यालो आणि निघालो. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो: जुन्या गाडीचे इंजिन खराब असेल तर ते दुरुस्त होते, टाकी सडली असेल तर दुसरी मिळते, पण चासीवरचा क्रमांक आणि नोंदणी-पुस्तकातील क्रमांक जुळत नसेल तर ती गाडी फुकटसुद्धा घेऊ नये. ती चोरीची असू शकते, आणि चोरीचा माल अजाणता घेतला म्हणून पोलिस चौकीची पायरी चुकत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सेवेवर एखादे वाहन चोरीस गेल्याची नोंद आहे का, हे पाहता येते. परिवहन खात्याच्या ॲपवर मालकाचे नाव, नोंदणीची मुदत, विमा दिसतो. फार जुन्या गाड्यांची नोंद मात्र कित्येकदा संगणकावर चढलेलीच नसते. ती आधी कार्यालयाच्या दप्तरातून चढवून घ्यावी लागते.

दुसरी गाडी चिंचवडची. यंत्र बरे होते, भावही 40 हजार. पण नोंदणी कर्नाटकातील, मूळ मालकाने विकली त्याने पुढे विकली, आणि मधल्या दोघांनी नावावर करून घेण्याची तसदी घेतलेली नाही. मूळ मालक कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. आपण जमिनीच्या सात-बाऱ्यावर असा घोळ पाहिला तर पाऊल मागे घेतो. गाडीच्या बाबतीत मात्र "चालते ना, मग झाले" असे म्हणण्याची पद्धत पडली आहे.

तिसरी गाडी आमच्याच थेरगावात निघाली. दुकानात येणाऱ्या एका नळकारागिराने सांगितले की गावठाणात एका घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आरएक्स पडून आहे. मी एकटाच गेलो. घरच्या बाई साठीच्या पुढच्या. त्यांचे यजमान आकुर्डीच्या कारखान्यात नोकरीला होते. 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. गाडीवर जुनी सतरंजी होती. सतरंजी काढली तेव्हा प्रथम धूळ दिसली, मग गंज, आणि मग हळूहळू लक्षात आले की त्या गाडीवर काहीही बदललेले नाही. मूळचा आरसा, मूळचे इंडिकेटर, मूळची साखळीची झाकणी. हाताने किक दाबली. दाब होता, म्हणजे पिस्टन अडकलेला नव्हता. दोन्ही क्रमांक स्वच्छ वाचता येत होते. बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद आणले: 1993 सालचे नोंदणी-पुस्तक, वेळोवेळी केलेले नूतनीकरण, विम्याच्या पावत्या, घडी अन् घडी सांभाळलेली. यजमानांचा हात नेटका असावा.

"मावशी, किती द्यायचे?" मी विचारले.

"भंगारवाला पाच म्हणतोय शेठ. तुम्ही ओळखीचे, आठ हजार द्या आणि घेऊन जा. जागा तरी मोकळी होईल."

त्या क्षणी मला जे वाटले ते लिहिण्यास संकोच होतो, पण लिहितो. मला आनंद झाला. तीस वर्षे गल्ल्यावर बसून जी नजर तयार होते, तिने एका निमिषात हिशेब मांडला होता. मी चेहरा स्थिर ठेवला, "उद्या मुलाला घेऊन येतो" म्हणालो आणि खिशातून 500 रुपये विसार काढून दिला. त्यांनी तो मोजला नाही.

रात्री जेवताना मी सारे रंगवून सांगितले. चिरंजीवांनी एकच प्रश्न विचारला, "त्यांना ठाऊक आहे का?" मेहुणे आले होते, त्यांनी माझी बाजू घेतली. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. एखाद्या गोदामाचा लॉट आपण घेतो तेव्हा तो पुढे कितीला जाईल हे विकणाऱ्याला सांगत बसतो काय? जोखीम आपली, भांडवल आपले, इंजिन उघडल्यावर आत काय निघेल ते आपल्या नशिबी. भाव त्यांनी सांगितला आहे, आपण पाडूनही मागितलेला नाही. मी मान डोलावत होतो. पण लॉट विकणारा बाजारात बसलेला असतो, त्याला दुसऱ्या दुकानी विचारता येते, आणि तो आपल्याला बनवण्याचीही तयारी ठेवून असतो. या बाईंनी भाव विचारला होता तो एका भंगारवाल्याला. पाच हजार आणि आठ हजार यांच्यामध्ये जी तीन हजारांची भर होती, ती त्यांनी माझ्या ओळखीवर विसंबून मागितली होती. मला झोप लागली नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पहाटे उठून मी दुकानाचा बिलांचा गठ्ठा घेऊन बसलो.

त्या कागदावर जे लिहिले ते जुनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. पूर्ण तयार, कागद स्वच्छ असलेली अशी गाडी आमच्या भागात आज 1 लाख 10 हजारांना जाईल, असे धरले. क्रँक, बोअर-पिस्टन, बेअरिंग, सील, क्लच प्लेटा मिळून 22 हजार. टाकीची साफसफाई, रंग, क्रोम 16 हजार. टायर, साखळी, वायरिंग, केबली 12 हजार. नोंदणीचे नूतनीकरण, उशिराचा आकार, पर्यावरण कर, विमा, नावावर करण्याचा खर्च मिळून 15 हजार. एकूण 65 हजार. उरले 45. आमची मजुरी शून्य, कारण तीच तर आम्हांला हवी होती. म्हणजे त्या शेडमधल्या गाडीचा न्याय्य भाव 45 हजारांच्या आगेमागे. खरेदीचा भाव ठरवण्याची ही पद्धत आपल्याला नवी नाही. फक्त छंदाच्या वस्तूला ती कोणी लावत नाही आणि म्हणून बहुतेक जण फसतात. जो 85 हजारांची चकचकीत गाडी घेतो तो रंगाचे पैसे देतो, इंजिन त्याला पुन्हा करावेच लागते.

सकाळी आम्ही दोघे गेलो आणि मी तो कागद बाईंना वाचून दाखवला. त्या आनंदित होतील, अशी माझी कल्पना होती. त्यांचा चेहरा उलट कठीण झाला. आठ मागितले असता जो पंचेचाळीस देऊ करतो, त्याच्या मनात काहीतरी काळेबेरे असणार, असे त्यांना वाटले, आणि जगाचा अनुभव पाहता त्यांना दोष देता येत नाही. "माझ्या पोराला विचारते," त्या म्हणाल्या आणि विसाराचे 500 रुपये परत केले. मुलगा हिंजवडीत नोकरीला. त्याने मोबाइलवर जाहिराती पाहिल्या आणि 90 हजार मागितले. मेहुण्यांनी मला फोन करून जे सुनावले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

तीन आठवडे बोलणी चालली. मी पुन्हा तोच कागद काढला, खर्चाच्या प्रत्येक आकड्यासमोर नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांतून आणलेले दरपत्रक लावले. मुलगा समंजस होता. जाहिरातीत मागितलेला भाव आणि प्रत्यक्ष हाती पडलेला भाव यांतील फरक त्याला उमगला. 52 हजारांवर सौदा ठरला. घरात माझी थोडी थट्टा झाली. "आठ हजारांची गाडी बावन्नला घेणारा व्यापारी," असे अजूनही म्हटले जाते.

मग कागदांचे प्रकरण. मृत व्यक्तीच्या नावावरील वाहन तिच्या वारसाकडून थेट सही घेऊन आपल्या नावावर होत नाही. आधी ते वारसाच्या नावावर व्हावे लागते. त्यासाठी नमुना क्रमांक 31 चा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. कायद्याने मृत्यूनंतर 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते आणि तीन महिन्यांत हा अर्ज करावयाचा असतो. आपल्या किती घरांत हे होते? कर्ता पुरुष गेल्यावर दुकानाचा परवाना, बँकेची खाती, भाडेचिठ्ठी यांकडे आपण लगेच लक्ष देतो. दाराशी उभ्या असलेल्या गाडीचा विषय वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. पुढे त्या गाडीने अपघात झाला तर विम्याचा दावा कोणाच्या नावाने करणार? वाचकांनी हा अंक खाली ठेवून एकदा घरातल्या गाड्यांची पुस्तके पाहावीत, एवढी विनंती आहे.

वारसाच्या नावावर झाल्यावर नमुना 29 आणि 30 भरून ती खरेदीदाराच्या नावावर होते. नोंदणीची पहिली मुदत 15 वर्षांची. त्यानंतर दर 5 वर्षांनी नमुना 25 भरून, गाडी प्रत्यक्ष दाखवून नूतनीकरण करावे लागते. आमच्या गाडीची मुदत 2023 मध्ये संपली होती, त्यामुळे उशिराचा आकार पडला. उच्च सुरक्षा क्रमांकपाटीही बसवावी लागेल. काही जण विचारतात, ही तर पुराणवस्तू, हिला सवलत नाही का? केंद्र सरकारने 2021 मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली खरी. तीत क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि पहिल्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये आहे. पण वाहन 50 वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपातील असावे लागते, आणि ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आरएक्सला तो मान 2035 पूर्वी मिळणे नाही. कोणाच्या वाड्यात 1960 च्या दशकातील जावा किंवा राजदूत असेल तर त्यांनी विचार करावा.

बाईंना घेऊन मी परिवहन कार्यालयात चार वेळा गेलो. तिसऱ्या खेपेला रांगेत उभ्या असताना त्यांनी सांगितले की यजमान दर गुरुवारी त्यांना याच गाडीवरून चिंचवडच्या मोरया गोसावींच्या देवळात नेत, आणि परत येताना पवनेच्या पुलावर गाडी हळू करीत. एवढेच. मी काही बोललो नाही.

आता गाडी आमच्या गोदामात, रंगाच्या डब्यांच्या मांडणीशेजारी आहे, आणि खऱ्या अर्थाने आमचे शिक्षण चालू आहे. या पट्ट्यात राहण्याचा लाभ असा की लेथवर काम करणारा हात येथे गल्लीगल्लीत सापडतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग करणारी छोटी वर्कशॉप आहेत. एखादा बुश बाजारात मिळत नसेल तर जुना दाखवून नवा करून घेता येतो. आमचा सिलिंडर तेथेच बोअर करून आणला. पिस्टन साधारणतः पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मोठ्या मापांत मिळतात. भिंत जितकी घासली असेल तितके मोठे माप. घेणाऱ्याने विचारून ठेवावे की आजवर किती वेळा बोअर झाले आहे, कारण शेवटचे माप संपले की स्लीव्ह घालण्याखेरीज इलाज नसतो. आमच्या गाडीचे हे दुसरेच.

पेट्रोलचे एक नवे दुखणे आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्या काळच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधील सील त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. इथेनॉल हवेतील ओलही ओढून घेते, म्हणून गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवली तर टाकी आतून गंजते. आम्ही सर्व रबर बदलले आणि टाकी आतून धुऊन घेतली. धुतलेले पाणी तीन वेळा तांबडे निघाले.

चिरंजीवाच्या हातांना आता ग्रीसचा वास येतो. परवा त्याने क्रँककेसचे दोन अर्धे वेगळे केले आणि बराच वेळ नुसता पाहत बसला. मग म्हणाला की आपण पडद्यावर जे फिरवतो त्याला वजन असते, हे आज कळले. बाबूजी आता चौऱ्याऐंशीचे आहेत. संध्याकाळी प्रतिक्रमण झाले की काठी टेकत गोदामात येतात, खुर्चीवर बसतात, आणि नट कोणत्या डब्यात ठेवला हे आमच्याहून त्यांच्या ध्यानात अधिक राहते. एम-80 चा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

एक अडचण उरली आहे. या गाडीत तेल पेट्रोलमध्ये हाताने मिसळावे लागत नाही. वेगळ्या टाकीतून एक लहान पंप ते इंजिनाला पुरवतो. बहुतेक लोकांनी तो पंप काढून टाकला आणि तेल मिसळण्याचा सोपा मार्ग धरला. आमच्या गाडीवर तो अजून आहे, कारण मूळ मालकाने त्याला हात लावला नव्हता. त्याची केबल मात्र तुटली आहे, आणि हव्या त्या लांबीची नाना पेठेत मिळाली नाही. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. गेल्या रविवारी रिकाम्या हाताने परतलो. बुधवारी दुकान मेहुण्यांवर सोपवून पुन्हा जाणार आहे.